पाटीवर नुसतं 'झेरॉक्स' उरलेलं दुकान : पाचपैकी साडेतीन

दुकानाचं नाव विचारू नका. पाटी उन्हानं उडाली, त्यावर आता 'झेरॉक्स' एवढंच वाचता येतं, अन् तहसील कचेरीच्या आसपास अशा पाट्या काही कमी नाहीत. मी मात्र याच दुकानात जातो, कारण माझं पोट जुन्या कागदांवर चालतं. आर्वी तालुक्यातल्या घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी मशीन लर्निंगचं काम करतो. बँकेचे वकील वावराचा ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीचा मागोवा, काढतात ना, त्यांच्यासाठी खरेदीखतं, फेरफार, सातबारे वाचून 'लिहून देणार' (विकणारा) अन् 'लिहून घेणार' (विकत घेणारा) यांची नावं, गट नंबर, क्षेत्र वेगळं काढणारं मॉडेल आम्ही बनवतो. त्याला शिकवायला कागद लागतात. ते मी नातेवाइकांच्या अन् शेजाऱ्यांच्या पेट्यांतून, त्यांना विचारून आणतो.

स्कॅनचे पानाला ५ रुपये, भाव रास्त. पण मशीनवरचा पोरगा सवयीनं १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके), काळं-पांढरं ठेवतो. "फाईल लहान होते भाऊ, व्हॉट्सॲपवर पटकन जाते." जाते खरी, पण अनुस्वार वाटेतच गळतात. गंगाबाईची गगाबाई होते, अन् १.२० मधला ठिपका गेला की १२०. त्याला ३०० डीपीआय अन् ग्रेस्केल सांगा. तोंड वाकडं करतो, पण करून देतो. मोबाईलवर फोटो काढून काम भागवू नका, घडीच्या सावलीत एक ओळ हमखास बुडते.

खरी किंमत मात्र मागच्या टेबलावरच्या काकांची. पूर्वी ते टाइपरायटर घेऊन कचेरीच्या आवारात बसायचे, अर्जनवीस. आता संगणकावर कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात, त्यामुळे त्यांची फाईल मॉडेलला दिली की 'भारत'च्या जागी एच-के-के-जे-आर अशी इंग्रजी अक्षरं निघतात. ते मी कन्व्हर्टरनं सुधारून घेतो, त्यांना काही बोलत नाही.

एकदा १९५४ चं खरेदीखत होतं. क्षेत्र लिहिलेलं १.२०, पुढं एकक नाही. मॉडेलनं बिनदिक्कत १.२० हेक्टर केलं, अन् मीही ते पास करून मोकळा झालो होतो. काकांनी कागद उलटा केला, स्टॅम्पावरचं गाव पाहिलं.

"हे नदीच्या तिकडचं होय ना बाबू? मंग एक एकर वीस गुंठे. दीड एकर वावर झालं. आपल्या इकडचं असतं तं वीस डिसमिल म्हटलं असतं."

वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, तिथली मोजणी मुंबईच्या धर्तीची, ४० गुंठ्यांचा एकर. अलीकडे जुना मध्यप्रांत, मालगुजारीचा मुलूख, १०० डिसमिलचा एकर. हेक्टर-आर तर फार नंतर आले. १.२० हेक्टर म्हणजे जवळपास तीन एकर. कास्तकाराचं दीड एकर वावर आमच्या मॉडेलनं बसल्या जागी दुप्पट करून टाकलं होतं. (असं पीक विदर्भात एरवी येत नाही.) त्या आठवड्यात मी मॉडेलला दोन गोष्टी जास्तीच्या द्यायला लागलो : दस्ताचं साल अन् गाव नदीच्या कोणत्या काठाचं. पुण्याच्या सहकाऱ्यांना हे व्हिडीओ कॉलवर समजावताना दोनदा लाईन गेली. काकांना मी तासाचे पैसे देतो, पहिल्यांदा दिले तेव्हा ते म्हणाले, "वाचाचे बी पैसे भेटतात का?"

आता दीड तारा का कापला ते. दुकानाच्या संगणकाच्या डेस्कटॉपवर सगळ्या तालुक्याची आधार कार्डं, खरेदीखतं, वारसांचे अर्ज उघडे पडलेले असतात. मी दर वेळी समोर उभा राहून माझी फाईल पुसायला लावतो, रिसायकल बिनसकट. बाकीचे गिऱ्हाईक घाईत निघून जातात. मालकाला दोनदा सांगितलं, तो हसतो.

पेनड्राईव्ह स्वतःचा न्या अन् घरी आल्यावर त्यात काय काय आलं ते बघा. मागच्या खेपेस माझ्या फोल्डरमध्ये कोणाची तरी लग्नपत्रिका आली. मी न पाहता ती मॉडेलला घातली. त्यानं वराच्या बापाला 'लिहून घेणार' केलं अन् मुलीच्या बापाला 'लिहून देणार'.