चार इंची रबर बेलो: टाय रॉडशिवाय घेऊ नका

कृष्णाकाठच्या उपसा पंपांसाठी सांगलीच्या बाजारात मिळणारा चार इंची रबर बेलो (पंप आणि पाइपाच्या मध्ये बसणारा लवचिक रबरी जोड) पंपाची थरथर लोखंडी पाइपात फारशी जाऊ देत नाही. फ्लँजचे (पाइप जोडणाऱ्या चकत्यांचे) बोल्ट ढिले होणं, वेल्डिंगला तडे जाणं बरंच कमी होतं. टाय रॉड, म्हणजे बेलोच्या दोन्ही फ्लँज बांधून ठेवणारे दांडे, मात्र वेगळे मागावे लागतात, आणि नेमके तिथंच लोक पैसे वाचवतात. ४ बार दाबाला पाणी बेलोला ३०० किलोहून जास्त जोराने ताणतं. रॉड नसतील तर तो लांबून फ्लँजजवळ फाटतो. रॉडचे नट बेलोच्या मूळ लांबीवर टेकवा, करकचून आवळू नका; नाहीतर थरथर रॉडमधूनच पुढे जाते. उन्हात रबर चिरतं, सावली हवीच.

पाण्याच्या प्रवाहाने होणारी थरथर बेलोनं जात नाही. सक्शनला (पाणी ओढणाऱ्या बाजूला) पंपाला चिकटून एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, असेल तर पाणी घुसळत आत शिरतं. निदान अर्धा मीटर सरळ पाइप ठेवा. नदी खाली गेल्यावर खडी घोळल्यासारखा आवाज येतो तो कॅव्हिटेशनचा (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याचा): सक्शन पाइपाच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करा, पंप खाली उतरवा. मोटार बंद होताना पाइपात धाडकन आवाज होत असेल, तर बेलोऐवजी आधी स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) घ्या.