खासगी कॉर्ड ब्लड बँक: पिशवीत नेमकं काय जमा होतं?

जन्मावेळी नाळेत उरलेलं रक्त, त्यातल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींसाठी, या बँका पैसे घेऊन गोठवून ठेवतात. जाहिरातीतला ‘जैविक विमा’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. मुलाला पुढे ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला तर त्याचंच साठवलेलं रक्त सहसा वापरत नाहीत, कारण आजाराकडे नेणारा बदल त्या पेशींत जन्मापासून असू शकतो. जनुकीय आजारात तर दोष पिशवीतही असतोच. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉक्टर एलियान ग्लुकमन यांनी केलेलं नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपणही रुग्णाच्या स्वतःच्या नव्हे, बहिणीच्या नाळेतल्या रक्ताचं होतं. घरात असा आजार असलेलं भावंड असेल तर या सेवेला माझे पाचपैकी पाच गुण, एरवी दोन.

किट साधंच असतं: गुठळी रोखणारं द्रावण भरलेली पिशवी, सुई, आईच्या रक्ताच्या नळ्या. नाळेच्या शिरेत सुई घालून पिशवी खाली धरतात, हलवत राहतात. हलवली नाही तर गुठळ्या होतात आणि पेशी त्यात अडकतात. नाळ उशिरा बांधली तर रक्त कमी मिळतं. ते बाळाकडे जातं, आणि तिथेच ते जास्त उपयोगाचं आहे. पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने बांधायला सांगणाऱ्या बँकेपासून लांब राहा.

खरी गोम अहवालात असते. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी (केंद्रक असलेल्या, म्हणजे तांबड्या पेशी वगळून मोजलेल्या) लागतात. म्हणजे २० किलोच्या मुलाला ५० कोटी, ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. बऱ्याच पिशव्या मोठ्या माणसाला एकट्या पुरत नाहीत. नुसते मिलिलिटर सांगणारा अहवाल परत पाठवा. एकूण केंद्रकयुक्त पेशी, सीडी३४ पेशी (रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी), जिवंत पेशींचं प्रमाण आणि जंतुसंसर्गाची तपासणी, चारही हवं. पिशवीला जोडलेले नळीचे तुकडे सोबत गोठवलेत का, तेही विचारा. मूळ पिशवी न वितळवता पुढची चाचणी त्यांवरच होते.

साठवणुकीच्या वर्षांची धास्ती नको. २७ वर्षं गोठवलेल्या पेशीही काम करतात, असं २०२३च्या एका अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालेल्या ओमिडुबिसेल या उपचारात एका पिशवीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. चाचणीत प्रत्यारोपणानंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सावरायला साध्या पिशवीने मध्यक (मेडियन) २२ दिवस लागले, याने १२. पण वाढवायला घेतलेली पिशवीही मुळात चांगलीच लागते.

नाळेच्या ऊतींचं जादा पॅकेज टाळा. करारात एकच अट बारकाईने वाचा: पेशी ठरावीक संख्येपेक्षा कमी निघाल्या तर बँक कळवते का आणि पैसे परत देते का.