सैतानाशी लढायचं की देवात विसावायचं?
आम्हा ख्रिस्ती लोकांत काही जण प्रत्येक तापात सैतान शोधतात, रात्रभर ओरडून त्याला धमकावतात, आणि काही म्हणतात येशूने क्रूसावर जिंकलंय ना, मग शांत बस. लढाईवाल्यांकडे बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 6वा अध्याय आहे, पण तो अध्याय नीट वाचा हो, त्यातली ढाल, शिरस्त्राण, उरस्त्राण सगळं बचावाचं, हल्ल्याला फक्त आत्म्याची तलवार म्हणजे देवाचं वचन, आणि हुकूम परत परत तोच, उभे राहा. विसाव्यावाल्यांकडे देवाच्या विसाव्याबद्दलचा इब्री 4 आणि निर्गम 14, जिथे मोशे इस्राएल लोकांना म्हणतो देव लढेल तुम्ही शांत राहा, पण लगेच पुढच्या वचनात देव म्हणतो पुढे चला!

मला विसावाच आधी वाटतो. आईच्या आजारपणात मी घाबरून ओरडत प्रार्थना करायचो, पार थकायचो, स्तोत्र 23, म्हणजे 'परमेश्वर माझा मेंढपाळ', हळू म्हणायला लागलो तेव्हा कुठे रात्रभर तिच्याजवळ बसता आलं.