ससा घेऊन कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात: वर्षभराचा अनुभव

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत. गोव्यात बार्देश तालुक्यातला आहे, एवढं पुरे. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) इथेच बरा झाला, म्हणून आम्हीही आमच्या मोगरीला तिथे नेऊ लागलो. मोगरी म्हणजे सशाची मादी. नखं कापणं, वजन, कान तपासणं यात आजवर तक्रार नाही. मदतनीस पोरगा तिला कान धरून न उचलता मागच्या पायांखाली हात देऊन उचलतो, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि निश्चिंत झाले.

ती निश्चिंती पावसाळ्यात संपली. मोगरीने गवत सोडलं, लेंड्या बारीक झाल्या, मग बंदच. ससा दहा-बारा तास काही खात नसेल तर ती तातडीची बाब असते, कारण त्याचं आतडं थांबलं की पोटात वायू धरतो आणि जीव जाऊ शकतो. काउंटरवर मात्र "फाल्यां हाडात" (उद्या आणा) असं कोकणीत उत्तर. हट्ट धरला तेव्हा आत घेतलं.

डॉक्टरांनी पुढचे दात पाहिले, "ठीक आहेत" म्हणाले आणि अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप लिहिलं. कुत्र्यामांजरांना ते सर्रास देतात. सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जीवाणू मरून घातक जीवाणू माजतात. मी विचारलं, "डॉक्टर, सशाला हे चालतं का? दुसरं काही देता येईल?" आणि कान बघायच्या दुर्बिणीने मागच्या दाढाही पाहाल का, असंही विचारलं. सशाला अठ्ठावीस दात, त्यातले बावीस गालाआड, आणि सगळे जन्मभर वाढत राहतात. त्यांना राग आला असेल, पण दुर्बीण घेतली. खालच्या दाढेचं टोक जिभेत रुतत होतं.

दाढ घासायला भूल द्यावी लागणार, म्हणून छापील कागद हातात आला: आदल्या रात्रीपासून अन्नपाणी बंद. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवून फायदा काही नाही, उलट आतडं आणखी मंदावतं. "आमच्याकडे सगळ्यांना हाच नियम" असं ऐकल्यावर मी वाद घातला नाही. ससे नेहमी बघणाऱ्या कुणाला तरी एकदा फोन करून विचारा, एवढीच विनंती केली. त्यांनी खरंच केला. सिरप बदललं, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिलं, उपास रद्द. सिरिंजने पातळ खाद्य भरवायचं वेळापत्रक लिहून दिलं आणि दाढही व्यवस्थित घासली. याचं श्रेय त्यांनाच. आपल्याकडच्या पशुवैद्यकीच्या शिक्षणात भर गाईगुरं, शेळ्या, कोंबड्यांवर असतो. घरातल्या सशाबद्दल कमी माहिती असणं मी समजू शकते. विचारल्यावर फोन उचलणारा डॉक्टर मला सगळं पाठ असल्याचं दाखवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

खरी तक्रार पुढची आहे. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरांनी पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब काढले. पाकिटावर फिप्रोनिल! सशांसाठी ते विषारी, आणि वापरू नये असं खुद्द बनवणारेच लिहितात. म्हणजे आधीच्या प्रसंगातून जे कळलं ते एकाच माणसाच्या डोक्यात राहिलं, दवाखान्याला काही कळलंच नाही. काउंटरवरचा छापील कागदही तोच.

तेव्हापासून केसपेपरवर लाल शाईने लिहून घेतलंय: ससा, उपाशी ठेवू नये, तोंडावाटे पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिन नको, फिप्रोनिल नको. सुरुवातीला मदतनीस हसला. आता केसपेपर उघडताना आधी तीच ओळ वाचतो.

पाचपैकी तीन तारे. नखं, वजन, किरकोळ दुखणं यासाठी जाईन. पण मादीचं गर्भाशय काढणं वेगळी गोष्ट. वयात आलेल्या सशिणींत गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो, त्यामुळे ते टाळायचं नाही. "अशा किती माद्यांचं ऑपरेशन केलंय?" असं विचारलं. उत्तर मिळालं, नरांची केली आहेत. प्रामाणिक उत्तर. ऑपरेशनसाठी मुंबईत ससे बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. उन्हाचा त्रास नको म्हणून रात्रीच गाडीने निघणार, गवताची पिशवी मागच्या सीटवर.