रोज पहाटे तासभर की रविवारी सलग?

पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये, म्हणजे एकांकिका मे-जूनमध्येच लिहून व्हायला हवी. नेमकी तेव्हाच इंटर्नशिप, गावची लग्नं आणि आजीकडे आंब्याच्या अढीची राखण.

रविवारी सलग सहा तास बसायचं, हा मोह मोठा. एका बैठकीत अख्खा प्रवेश उतरतो. पण मे महिन्यातला रविवार आपला असतो कुठे? माझे चारातले तीन गेले: एक हळदीत, एक मांडवात, एक कुरडया घालण्यात. चौथ्या रविवारी वही उघडली, तर नायिकेसोबत राहते ती मावशी की आत्या, हेच आठवेना.

पहाटे साडेपाचला गच्चीवर हवा गार असते, फोन वाजत नाही. तासाभरात जेमतेम पानभर होतं, तेही निम्मं खोडलेलं. धागा मात्र तुटत नाही. बसमध्ये उभ्या उभ्या पुढचा संवाद सुचतो. (रात्री दोनपर्यंत जागणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.)

मी लिहायला पहाटच धरली. वाचनाला, तालमीला मात्र रविवार लागतोच. पाच जण साडेपाचला गच्चीवर येतील, ही आशा सोडा.