एसीत गॅस भरायच्या नावाखाली माझे ९,९४९ रुपये गेले

आधी आकडाच लिहिते, कारण घरात अजून मी तो कुणाला सांगितलेला नाही. ३९९ आगाऊ, ३,६०० गॅसचे, १,४५० कॅपॅसिटरचे आणि ४,५०० पीसीबीचे, म्हणजे एसीतल्या सर्किट बोर्डाचे. एकूण ९,९४९ रुपये. गेली वीस वर्षं मी हिशेबाचं काम करते, दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढते, आणि माझ्याच घरात माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. आम्ही ठाण्यात खाडीजवळ राहतो, म्हणजे सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही दमटच. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. तिला कूस बदलता येत नव्हती, पाठभर घामोळं उठलं होतं. त्यात तिच्या खोलीतला दीड टनाचा एसी आतून पाणी गाळायला लागला आणि गार होईना. मी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तो कंपनीचा नव्हताच. खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता आणि कार्ड कपाटातल्या फाइलीत. पण आई कण्हत असताना फाइली काढत बसायचं कुणाला सुचतं?

३९९ रुपये आधी भरा म्हणाले, भरले. कंपनी घरी माणूस पाठवण्याआधी सहसा असे पैसे मागत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तासाभरात दुरुस्तीला एक मुलगा आला. अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, बोलणं स्वच्छ मराठी. चपला बाहेर काढल्या, आईला म्हणाला, "आजी, अर्ध्या तासात गार करून देतो." मी विश्वास ठेवला तो इथे. तुम्हीही ठेवला असता.

आता नीट वाचा. बाहेरचं युनिट खिडकीच्या ग्रिलवर आहे. तो कठड्यावर तिरका बसला, बारीक नळीच्या व्हॉल्व्हवरचं पितळी टोपण काढलं आणि एलन की घालून काहीतरी फिरवलं. मी शेजारीच उभी होते. मग म्हणाला, "ताई, काटा बघा." गॅसचा दाब दाखवणारा गेज त्याने लावला होता, त्याचा काटा १३०च्या आसपास होता, तो हळूहळू उतरत वीसच्या खाली आला. "बघा, गॅसच नाही." मी मान डोलावली.

ती मान डोलावल्याची आठवण मला अजून झोपू देत नाही. गॅस आधीच गळून गेला असेल, तर काटा पहिल्यापासूनच खाली हवा. माझ्यासमोर तो उतरतो कसा? एसी चालू असताना बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला की सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो आणि काटा पडतो. एसी काढून दुसरीकडे न्यायचा असला की हेच करतात. मग सिलिंडर लावल्याचं दाखवायचं, गुपचूप व्हॉल्व्ह उघडायचा, काटा वर. दहा मिनिटांत ३,६०० रुपये. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला नाही, नळ्यांतली हवा काढून टाकणारा व्हॅक्यूम पंप तर आणलाच नव्हता. "कॅपॅसिटर पण गेलाय" म्हणून वर १,४५० घेतले. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं, तर "आमच्या ऑफिसचं खातं आहे." मी पिन टाकला.

त्या रात्री खोली खरंच गार झाली, म्हणून तर मी निश्चिंत झाले. फिल्टर धुळीने बुजून आतल्या कॉइलवर बर्फ धरला होता. एसी दोन तास बंद राहिल्याने तो वितळला आणि त्या मुलाने फिल्टर झटकला, एवढंच कारण होतं. चौथ्या दिवशी पुन्हा पाणी. पुन्हा तोच आला. दमट हवेने पीसीबीला गंज चढलाय म्हणाला, रिपेअरला ४,५०० आगाऊ घेतले आणि बोर्ड पिशवीत घालून गेला. त्यानंतर त्याचा फोन बंद.

बोर्ड घराबाहेर जाऊ देऊ नका. द्यावाच लागला तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बोर्डावरचा नंबर लिहून घ्या, सहीची पावती घ्या.

शेवटी नणंदेच्या ओळखीचा मेकॅनिक आला. त्याने कॅपॅसिटर दाखवला. त्यावर कंपनीचं मूळ स्टिकर आणि २०१९पासूनची धूळ तशीच होती. बदललाच नव्हता. व्हॉल्व्हही पूर्ण उघडलेला नव्हता. निचऱ्याच्या पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत गाळ अडकला होता. बुजलेला फिल्टर आणि हा गाळ, मूळ दोष तेवढाच. धुलाईचे ८०० आणि नव्या बोर्डाचे ६,२०० गेले, ते वेगळेच.

गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा, मग ती बुजवून, व्हॅक्यूम करून, वजनाने भरून घ्या. कुठला गॅस आणि किती, ते बाहेरच्या युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. काढलेला जुना भाग हातात मागा.

पोलीस ठाण्यात गेले तर पाऊण तास बाकावर. मग, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? हे सिव्हिल मॅटर आहे." खोटं नाव सांगून पैसे काढणं सिव्हिल कसं? पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, ते कशासाठी आहे? "दहा हजारांसाठी कुठे फिरता," असंही ऐकवलं. साधा अर्ज ठेवून घेतला, त्यावर पोच मागितली तर दुसऱ्या दिवशी या. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. बँक म्हणते पिन तुमचाच. ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, हे पोलिसांचं पत्र आल्याशिवाय सांगणार नाही, आणि पोलीस पत्र देत नाहीत. कंपनी म्हणते तो आमचा माणूस नव्हता. मग तुमच्या नावाचा टी-शर्ट घालून हिंडतो, त्याविरुद्ध तुम्ही तरी तक्रार करा! त्यावर उत्तर नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे मला माहीत आहे, पण समोरच्याचं नाव-पत्ता काय लिहू?

फसल्याचं कळताच, त्याच तासात, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेने नऊ दिवस गप्प बसले, तोवर पैसे पुढे गेले होते.

काल नणंदेच्या फोनवरून मी मोबाइलवर शोधलेला तोच पहिला नंबर लावून पाहिला. दुसऱ्याच रिंगला उचलला. बाईने पत्ता विचारला आणि म्हणाली, "३९९ आत्ता भरा, माणूस तासाभरात येईल." हा फसवा नंबर आहे असं कागदावर मोठं लिहून आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलंय.