टीबीचे सहा महिने, पालिकेचा दवाखाना आणि तिथला वजनकाटा

गेल्या सोमवारी शेवटच्या गोळ्या घेतल्या. कोर्स पूर्ण, थुंकीची शेवटची तपासणीही निगेटिव्ह. तब्येत छान आहे. पण त्या दवाखान्यातल्या वजनकाट्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं किराणा दुकान आहे. काटा दरवर्षी पासिंग करून घ्यावा लागतो, शिक्का नसेल तर दंड. पाव किलो डाळीत दहा ग्रॅम कमी भरलं तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. त्यामुळे काट्याकडे माझं लक्ष आपोआप जातं.

खोकला महिनाभर होता, संध्याकाळी कणकण, पँट ढिली व्हायला लागलेली. खाजगी डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचे दोन कोर्स, एक्स-रे, रक्त असं करत साडेचार हजार गेले. शेवटी त्यांनीच पालिकेच्या दवाखान्यात जायला सांगितलं. मी तरी आठवडा टाळलं. गल्लीतल्या कुणी तिथे पाहिलं तर दुकानात कोण येईल, हीच भीती. तो आठवडा वाया घालवायला नको होता. तोवर घरात सगळ्यांच्या शेजारी बसून खोकत होतो.

तपासणीला एक रुपया लागला नाही. थुंकीच्या दोन डब्या, एक तिथेच, एक सकाळची उठल्या उठल्या. ट्रूनॅट नावाच्या तपासणी यंत्रावर टाकली. हे यंत्र आपल्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. टीबी आहे हे तर कळलंच, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल हेही त्यातच कळलं. एचआयव्ही आणि साखरही तपासली. इथपर्यंत सगळं चोख.

मग वजन. कोपऱ्यात सुईचा जुना काटा. त्यावर 49 भरलं, कार्डावर 49 लिहिलं, रोज तीन गोळ्या. या गोळ्यांत चार औषधं एकत्र असतात आणि किती घ्यायच्या ते वजनावर ठरतं: मोठ्या माणसाला 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. हे दवाखान्यातल्या मॅडमनी मला तक्ता दाखवून समजावलं. समजावलं म्हणूनच पुढचं मला खटकलं.

दुकानात आल्यावर पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. साडेपन्नास. चप्पल काढून, खिसे रिकामे करून.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनेच गेलो. सोबत दुकानातलं वीस किलोचं शिक्क्याचं वजन घेतलं, स्कूटरच्या पायाशी ठेवून. काट्यावर ठेवलं तर साडेअठरा! वजन उचलल्यावर वाकून पाहिलं. सुई शून्यावर नव्हतीच, शून्याच्या दीड किलो मागे उभी होती. ती जागेवर आणायची घुंडी तुटलेली.

मला वाटलं, आता मॅडम हाकलून देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. स्वतः वाकून सुई पाहिली, मला लसीकरणाच्या खोलीतल्या डिजिटल काट्यावर उभं केलं, कार्डावरचा आकडा खोडून 50.5 लिहिला, शेजारी सही केली आणि डॉक्टरांना दाखवून चार गोळ्या करून दिल्या. ‘तुम्ही आलात ते बरं झालं,’ एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या बाईंबद्दल माझं मत बदललं ते कायमचं.

पुढचे महिने सरळ गेले. दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. लघवी नारिंगी होते हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. सुरुवातीला सांधे दुखायचे, रिकाम्या पोटी चार मोठ्या गोळ्या गिळताना मळमळायचं. बायको समोर बसून गोळ्या मोजायची. घरच्यांचीही तपासणी झाली, मुलांना प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. 2024 मध्ये गोळ्यांचा तुटवडा झाला होता हे ऐकून होतो, म्हणून धाकधूक होती, पण माझा एक दिवसही खाडा झाला नाही. पोषणाचे महिन्याला हजार रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी पाचशे होते) खात्यावर उशिरा आले, पण आले. अंडी आणि शेंगदाण्यात गेले.

पण काटा? तो सहा महिने तिथेच होता. दर महिन्याला विचारलं. मागणी पाठवली आहे, हेच उत्तर. मी चांगला डिजिटल काटा घेऊन द्यायला तयार होतो, तर वस्तू अशी स्वीकारता येत नाही म्हणाले. मॅडमनी आपल्या परीने काट्यावर ‘दीड किलो कमी दाखवतो’ अशी चिकटपट्टी लावली होती. पावसाळ्यात ती सुटली. ज्या रोगात औषध वजनावर देतात तिथे काटा खोटा असणं मला सहनच होत नाही. माझ्यासारखा दुकानदार नसता तर तो माणूस सहा महिने एक गोळी कमी खात राहिला असता.

शेवटच्या दिवशी माझं वजन डिजिटलवर 57 भरलं. बाहेर आलो तर सुईच्या काट्यावर कॉलेजातली एक मुलगी उभी होती, ओढणी सावरत, आई पर्स धरून शेजारी. सुई 34 वर. नवीन आलेला मुलगा कार्डावर लिहायला लागला होता. 34 ला दोन गोळ्या, 35 ला तीन. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, ‘थांब बाळा, हिला आतल्या काट्यावर ने.’

आत 35.5 भरलं.